गुलाबाच्या कापडाचा बीम

माझ्याबद्दल वर्तमानपत्रात काही छापून यायचं असलं की छायाचित्रकार मला हळदीच्या पोत्यांवर उभं करतो. वसमतची पोरगी म्हटली की हळद आलीच. एकदा तर पोत्यांच्या थप्पीवर चढवून मला एक पाय कानाला लावायला सांगितला आणि दुसऱ्या दिवशी फोटोखाली छापलं की ही मुलगी हळदीच्या पोत्यांवर उड्या मारत मोठी झाली. साफ खोटं. हळदीच्या धुरळ्यानं मला शिंका येतात, एकदा सुरू झाल्या की सात-आठ सलग. त्या फोटोत मी गोड हसतेय असं लोकांना वाटतं, पण ती दाबून धरलेली शिंक आहे.

मी तोल सांभाळायला शिकले ते एसटीत.

माझे वडील वसमत आगारात कंडक्टर आहेत. बरीच वर्षं त्यांची ड्यूटी डोंगरकडा गावाच्या गाडीवर होती. आई अंगणवाडीत. सुट्टीच्या दिवशी तिला रजिस्टरं भरायची असायची आणि मी पलंगावरून कपाटावर, कपाटावरून पलंगावर असा दिवस काढायची. मग ती मला पप्पांच्या मागे लावून द्यायची. गाडी खचाखच भरलेली असली तरी पप्पा कुठेच धरत नसत. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्यात सुट्टे पैसे, आणि गाडी खड्ड्यात आदळली तरी माणूस जागेवर. मी मात्र सीटच्या दांडीला घोरपडीसारखी चिकटलेली.

"हात धरायला न्हाईत, कामाला हायत," पप्पा म्हणायचे. "गुडघे ढिले सोड. पायाकडं बघू नको, पुढच्या माणसाकडं बघ."

त्याचाच आमचा खेळ झाला. मागच्या सीटपासून ड्रायव्हरच्या केबिनपर्यंत कशालाही हात न लावता चालत जायचं. हात लागला की परत मागे. बाजाराला निघालेल्या बाया माझ्यावर मूठमूठ शेंगांची पैज लावायच्या. कुणाला दया येऊन त्यानं धरायला हात पुढे केला, तर पप्पा त्यालाच दम भरायचे. सात वर्षांची होईतो मी जाऊन-येऊन दोन्ही खेपा बिनहाताच्या करत होते. आमच्याकडचे रस्ते त्या वेळी खड्ड्यांनी भरलेले होते म्हणून माझं भलं झालं. त्याबद्दल बांधकाम खात्याचे आभार मी दर मुलाखतीत मानते, पण ते कुणी छापत नाही.

शाळेच्या कंपाउंडच्या भिंतीवरून चालताना मला खेळाच्या सरांनी पकडलं. आता कान पिरगाळणार म्हणून मी मान आधीच वाकडी करून उभी राहिले. सरांनी मला खाली उतरायला लावलं आणि परत चढून उलट्या पावलांनी चालून दाखव म्हणाले. मी चालले. त्या संध्याकाळी ते आमच्या घरी आले आणि पोरगी माझ्याकडे द्या म्हणून बसले. सर स्वतः मल्लखांबाचे. मुलींच्या जिम्नॅस्टिक्समधलं त्यांना जे काही माहीत होतं, ते त्यांनी मोबाइलवर बघून वहीत उतरवलेलं होतं. पण त्यांची नजर पक्की होती. आईनं विचारलं, "पोरीचं हाड मोडलं तर?" सर म्हणाले, "भिंतीवरून पडली तर मोडंल. माझ्याकडं खाली गादी हाय."

शाळेमागच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन जुन्या गाद्या आणि एक लोखंडी दांडी होती. बीम नव्हता. बीम म्हणजे पाच मीटर लांब, दहा सेंटीमीटर रुंद आणि छातीएवढा उंच लाकडी पट्टा. त्याच्यावर चालायचं, गिरकी घ्यायची, मागे उलटायचं आणि पडायचं नाही. तयार बीम विकत घेणं शाळेच्या आवाक्यातलं नव्हतं. म्हणून सर गेले मिस्त्रीचाचांकडे.

चाचा म्हणजे वसमतमधले सोफा-दिवाण बनवणारे सगळ्यात जुने कारागीर. गावातली कुठलीही नवरी सासरी गेली की तिच्या आधी चाचांचा दिवाण तिथे पोचलेला असायचा. कापसाच्या एका पडक्या जिनिंग कारखान्याच्या छपरातली सागवानी तुळई त्यांनी नीट सांभाळून ठेवली होती. ती त्यांनी माझ्यासाठी काढली. सरांनी कागदावर लांबी-रुंदी-उंची लिहून दिली आणि पंधरा दिवसांनी बीम हातगाड्यावरून शाळेत आला. चाचांना त्याला चहूबाजूंनी फोमची गादी लावायची होती, सरांनी नको म्हटलं, पाय डुगडुगेल. मग चाचांनी वरून सोफ्याचं कापड ताणून चिकटवलं. मरून रंगाचं, आणि त्याच्यावर एका रांगेत गुलाबाची फुलं.

त्या गुलाबांनी माझं फार काम केलं. एकूण सतरा फुलं होती. पहिल्यावर चढायचं, तिसऱ्यापासून मागे हातांवर उलटी उडी घ्यायची, नवव्यावर गिरकी, सोळाव्यावरून खाली झेप. सर गणिताचे नव्हते, पण माझा अख्खा डाव त्यांनी गुलाबांत बसवून दिला. तीन वर्षं मी त्या फुलांवर राबले. सुरुवातीला दिवसाला चाळीसदा तरी पडायची. आई मला न्यायला यायची आणि मी वर चढले की भिंतीकडे तोंड करून उभी राहायची. थोड्या थोड्या वेळानं विचारायची, "झालं का?" तिनं मला बीमवर कधी बघितलंच नाही. माझा लिओटार्ड, म्हणजे खेळाचा तो अंगाला चिकटणारा पोशाख, बघून आत्यानं विचारलं होतं, काहून गं, पव्हायला चाललीस का. त्यावर आईच तिच्याशी आठ दिवस बोलली नाही.

अकराव्या वर्षी मी जिल्ह्यात पहिली आले. कारण जिल्ह्यात मी एकटीच होते, आणि स्पर्धाही आमच्याच शेडमध्ये, माझ्याच बीमवर झाली. तरी आमच्या बुद्धविहारात माझ्या नावानं खीर वाटली गेली आणि मी चार दिवस जमिनीवर पाय ठेवला नाही. मग सर मला राज्य स्पर्धेला पुण्याला घेऊन गेले.

तिथल्या बीमवर मी चढले आणि माझी अक्कलच गुंग झाली. हा बीम होता की डांबरी सडक? आमच्या बीमवर पाऊल ठेवलं की दोन्ही बाजूंच्या कडा तळव्याला कळायच्या. मी त्या पायांच्या बोटांनी पकडून चालायची. इथं बोटं कडा शोधत होती आणि कडा सापडतच नव्हत्या. वरचं कापड मातकट रंगाचं, त्याच्यावर एक फूल नाही. तिसरा गुलाब कुठे समजायचा? मी अंदाजानं उलटी झाले आणि पडले. परत चढले, गिरकीला पडले. शेवटची झेप घ्यायच्या आधीच तिसऱ्यांदा पडले. यादीत माझं नाव सगळ्यांत खाली होतं. पुण्या-मुंबईच्या मुली एकमेकींच्या वेण्या नीट करत माझ्याकडे बघत होत्या आणि मला रडू येत नव्हतं, संताप येत होता. सगळ्यांसमोर मी सरांना म्हणाले, "तुमचा बीमच खोटा हाय."

 सामान आवरायच्या आधी सर त्या बीमपाशी गेले. खिशातला एक कागद त्याच्यावर आडवा धरला, दोन्ही कडांवर दुमडला आणि परत खिशात ठेवला.  वसमतला उतरल्यावर घरी न जाता आम्ही दोघं बॅगा घेऊन थेट शेडमध्ये गेलो. सरांनी तो दुमडलेला कागद आमच्या बीमवर ठेवला. कागद बोटभर बाहेर राहिला.

आमचा बीम साडेसात सेंटीमीटरचा होता.

आता हे तीन वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, असं मला दिल्लीपर्यंत सगळ्यांनी विचारलंय. आमच्याकडे मिस्त्रीनं मापलेल्या लाकडाला गिऱ्हाइकानं परत टेप लावली तर तो मिस्त्रीचा अपमान समजतात. सरांनी चाचांच्या मापाला टेप लावली नाही, कारण त्यांच्यावर घरचे संस्कारच तसे होते. आणि चाचा चुकले ते अडाणीपणानं नाही, हुशारीनं चुकले. सोफा बनवणारा माणूस लाकूड कधीच पूर्ण मापाचं कापत नाही. दोन्ही बाजूंनी गादी येणार, म्हणून तिची जाडी आधीच वजा करतो. चाचांनी सवयीनं अर्धा-अर्धा इंच वजा केला. नंतर सरांनी गादी नको म्हटलं, चाचांनी मान हलवली, आणि वजा केलेला तो एक इंच कुणीच परत जोडला नाही.

सरांनी तो कागद दुकानात त्यांच्यापुढे ठेवला तेव्हा मी शेजारीच उभी होते. काही सांगावंच लागलं नाही. चाचांनी कानावरची पेन्सिल काढली आणि कागदाच्या दुमडीवर टेकवली.

"गादी का काट लिया था," ते म्हणाले. "और गादी तो डालीच नहीं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी करवत घेऊन शेडमध्ये आले. चुकीचा माल आपल्या नावावर जगात राहू द्यायचा नाही, हा त्यांचा बाणा. तोडून टाकतो आणि सरकारी मापाचा नवा देतो, म्हणाले. पुण्यात ह्याच बीमला मी खोटा म्हटलं होतं. पण त्याला करवत लागणार म्हटल्यावर मला ते चालणार नव्हतं. मी उडी मारून त्याच्यावर दोन्हीकडे पाय टाकून बसले आणि चाचांना म्हणाले की हा माझा आहे, तुम्ही दुसरा करा. सरांनी डोळे वटारले, तरी मी हलले नाही. चाचांनी करवत फडक्यात गुंडाळली आणि हिला बीम नको, बसायला घोडीच करून द्यायला पाहिजे होती असं काहीतरी पुटपुटत गेले. आठ दिवसांत दुसरा बीम आला, दहाचा, साध्या करड्या कापडाचा. सरांसमोर चाचांनी स्वतः टेप लावून दाखवली. दोन्ही बीम शेजारी शेजारी उभे राहिले.

मला वाटलं आता काय, अरुंदावर शिकलेली पोर रुंदावर नाचेल. कसलं काय. रुंद बीमवर मी ढिली पडायची. जागा आहे ना भरपूर, म्हणून पाऊल कुठेही पडायचं आणि मग मी पडायची. एकदा पप्पा ड्यूटीवरून खाकीतच बघायला आले. मला चार वेळा पडताना बघून ते म्हणाले, "आमच्या गाड्या घाटात पलटत न्हाईत. चांगल्या रोडवर पलटतात. ड्रायव्हर सैल होतो."

सरांनी तेवढं वाक्य वहीत लिहून घेतलं. त्या दिवसापासून पद्धत ठरली. आधी गुलाबाच्या बीमवर पूर्ण डाव, आणि पाय जमिनीला न लावता मधल्या गादीवरून थेट दुसऱ्या बीमवर तोच डाव. कडा शोधायच्या नाहीत, नजर समोर. करड्या कापडावर मी मनातल्या मनात फुलं मोजायची. तिसरा, नववा, सोळावा.

त्या वर्षी सगळं पणाला लागलं होतं. राज्याच्या निवासी प्रशिक्षण केंद्रात पुण्याच्या स्पर्धेतून बारा वर्षांपर्यंतच्या सहाच मुली घ्यायच्या होत्या आणि पुढच्या वर्षी मी तेरात जाणार होते. आमच्या शेडमध्ये खाली-वर दोन दांड्यांचे असमांतर बार नव्हते, धावत येऊन उडी घ्यायचा धड व्हॉल्ट नव्हता. सरांनी मला समोर बसवून सरळ सांगितलं की माझ्याकडचं संपलं, ह्यापुढचं शिकायचं तर केंद्रातच, आणि ते ह्याच वर्षी. त्यांना ते सांगताना किती जड गेलं असेल हे मला तेव्हा कळलं नाही. मी फक्त विचारलं की नाही झालं तर? ते म्हणाले, तर भिंत आहेच की.

ह्या वेळी पुण्याला आमची वरातच निघाली. पप्पा रजा काढून आले, आई आली, आणि निघायच्या दिवशी बसस्टँडवर इस्त्रीच्या पांढऱ्या सदऱ्यात चाचा हजर. कुणी बोलावलं नव्हतं. मला काम आहे, एवढंच म्हणाले.

त्यांचं काम काय ते सरावाच्या वेळी कळलं. दोरी ओलांडून चाचा सरळ बीमपाशी गेले. एका पंच बाईंनी त्यांना हटकलं तेव्हा ते अदबीनं म्हणाले की मी बीमचा मिस्त्री आहे. बीम पुरवणाऱ्या कंपनीचा माणूस समजून बाईंनी त्यांना जाऊ दिलं. चाचांनी खिशातून टेप काढली आणि बीम मापला. ह्या टोकाला, त्या टोकाला आणि मध्ये. दुसऱ्याच्या मालाला टेप लावायची नाही हा जन्माचा नियम त्या माणसानं माझ्यासाठी मोडला. मग माझ्याकडे येऊन, टेप खिशात टाकत म्हणाले, "दस है. बराबर है. अब गिरी तो गलती तेरी, मेरी नहीं."

मला एवढं हसू आलं की माझ्या नावाचा पुकारा झाला तरी थांबेना. मनात जी धास्ती घेऊन आले होते, ती त्या हसण्यात कुठे गेली कळलंच नाही.

चढले. तिसरा गुलाब, उलटी, दोन्ही पाय जागेवर. नवव्यावर गिरकी घेतली आणि डावीकडे कलले. ह्याच जागी गेल्या वर्षी पडले होते. नजर वर केली तर समोर प्रेक्षकांत पप्पा दिसले. सगळे बसलेले, ते एकटेच उभे, हात मोकळे, गुडघे ढिले, डोंगरकड्याच्या गाडीत उभे राहतात तसे. पुढच्या माणसाकडं बघ. मी बघितलं आणि सरळ झाले. सोळाव्यावरून झेप घेतली आणि गादीवर दोन्ही पाय रुतले. त्यांच्या शेजारी आई भिंतीकडे तोंड करून बसली होती. टाळ्या वाजल्यावर तिनं पप्पांना विचारलं असणार, झालं का.

सहा मुलींच्या यादीत माझं नाव सहावं होतं. सरांनी ती यादी तीनदा वाचली आणि बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुऊन आले. डोळे लाल का, असं मी विचारल्यावर पुण्याच्या पाण्यात क्लोरीन फार, म्हणाले. इतका आनंद मला नंतर मिळालेल्या पदकांनीसुद्धा झालेला नाही.

केंद्रातली वर्षं हातांच्या सालपटांची, बर्फाच्या पिशव्यांची आणि घोटा मुरगळला म्हणून तीन महिने नुसतं बसून काढल्याची आहेत, पण त्यांच्याबद्दल माझी काडीची तक्रार नाही. उडण्याची जी मजा आहे ना, ती ज्यांनी चाखली नाही त्यांची मला कीव येते. आता मी एकोणीस वर्षांची आहे आणि ह्या वर्षी देशाच्या संघात माझी निवड झाली.

त्याचा सत्कार शाळेनं शेडमध्येच ठेवला. भाषणं झाली. एका पाहुण्यांनी हळदीच्या पोत्यांचा उल्लेख केला. सर आता निवृत्त झालेत, चाचांना खुर्चीतून उठायला काठी लागते. दोघांनाही हार घालून पुढच्या रांगेत बसवलं होतं. गुलाबाचा बीम होता तिथेच होता. तिसरं फूल झिजून पांढरं पडलं होतं. मला राहवेना. मी जाहीर केलं की ह्या बीमवर, तिसऱ्या गुलाबापासून, उलटी उडी मारून दाखवते. सर नको नको म्हणून हात हलवत होते. माझे पाय तेव्हापेक्षा बरेच मोठे झालेत आणि मी सात वर्षं सडकेवर चालतेय, हे त्यांच्या लक्षात होतं, माझ्या नव्हतं.

मी उलटी झाले, एक पाय लागला, दुसऱ्याला बीमच सापडला नाही, आणि जिल्ह्याची शान पाहुण्यांसमोर धाडकन पाठीवर पडली.

 मी गादीवर पडल्या पडल्या पुढच्या रांगेकडे बघितलं. चाचांनी वर्गातल्या पोरासारखा हात वर केला होता.

"ये वाली मेरी गलती," ते म्हणाले.

आधी सर हसले, मग पप्पा, मग सगळी शेड. पाहुण्यांना काही कळलं नाही, पण तेही हसले. मी पोट धरून हसत तिथेच लोळत होते. हसू ओसरल्यावर उठले, हातांना खडूची भुकटी लावली आणि बीमवर हात टेकले. मागे भिंतीपाशी आई पाठमोरी उभी होती.

"झालं का?" तिनं विचारलं.

"न्हाई," पप्पा म्हणाले. "परत चढून राहिली."